मुंबईत स्वस्तात चार रात्री: आधी सकाळ ठरवा, मग खाट

गुहागरच्या एका मुलीचा प्रश्न आहे. त्या चार मैत्रिणी, सगळ्या बावीसच्या आतबाहेर. जुलैत एका आठवड्यासाठी मुंबईला जायचंय. एकीची बुधवारी सकाळी दहाला फोर्टात मुलाखत आहे, दुसरीचं कलिनाला विद्यापीठात कागदपत्रांचं काम आहे आणि उरलेल्या दोघींना मुंबई बघायची आहे. पाच रात्री राहायचं, माणशी खर्च सहा हजारांच्या वर जायला नको. डॉर्मिटरीत यापूर्वी कुणीच राहिलेलं नाही. घरचे म्हणतात, विरारला मावशी असताना पैसे देऊन परक्या ठिकाणी कशाला राहायचं? काय करावं?

मी चिपळूणचा. गेली पंधरा वर्षं आमच्या भागातल्या मुलामुलींना परीक्षा आणि मुलाखतींसाठी मुंबईला घेऊन जातो. कधी चौघं असतात, कधी वीस जण. शाळेच्या वर्गात गाद्या टाकून झोपलोय, स्टेशनाच्या विश्रामगृहात राहिलोय आणि नव्या पद्धतीच्या हॉस्टेलांतही. त्या अनुभवावरून सांगतो.

मावशीचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचं सगळं त्यावर अडलंय. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर आहे. जलद लोकलला दीड तासाच्या आसपास लागतो, तोही गाडीत शिरता आलं तर. सकाळी साडेसातला विरारहून सुटणाऱ्या गाडीत बाहेरगावच्या मुलीला फाईल छातीशी धरून चढता येईलच याची खात्री मी देणार नाही. त्यात जुलै. वसई-नालासोपारा पट्ट्यात रुळांवर पाणी आलं की पश्चिम रेल्वे तिथेच अडकते. मुलाखतीच्या आदल्या रात्री विरारला राहणं म्हणजे सगळं पावसाच्या हवाली करणं. मावशीला आधीच फोन करा, खरं कारण सांगा आणि गुरुवारी संध्याकाळी तिच्याकडे जेवायला जा. आपल्याकडची माणसं न कळवण्यानं दुखावतात. कारण सांगितलं की समजून घेतात.

आता मुख्य गोष्ट. मुंबईत खाट शोधायला बसलात की आधी भाडं बघता. मी आधी बघतो की सकाळी आठला मला कुठे असायचंय आणि तिथे जाणारी गर्दी कोणत्या दिशेची आहे. मुंबईची सकाळ उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. विरार, बोरिवली, कल्याण, ठाणे, पनवेल, सगळीकडून माणसं खाली येतात आणि संध्याकाळी वर जातात. बीकेसी आणि अंधेरीची कार्यालयं वाढल्यापासून हे चित्र थोडं बदललंय, पण सकाळी नऊला चर्चगेटहून वर जाणाऱ्या लोकलमध्ये आजही बसायला जागा मिळते. म्हणजे दक्षिण टोकाला राहिलात तर फोर्टातलं काम चालत जाऊन होतं आणि कलिनाला जाताना तुम्ही गर्दीच्या उलट असता. उपनगरात दोनशे रुपये स्वस्त मिळालेली खाट रोज दोन-तीन तास आणि निम्मी ताकद खाते. म्हणून तुमच्यासाठी माझं उत्तर सीएसएमटी-फोर्ट-कुलाबा हा पट्टा. तो जमला नाही तरच दादर.

दादरबद्दल थोडं. आपल्या लोकांना दादर जवळचं वाटतं, कारण तुतारी एक्सप्रेस तिथे येते, मराठी बोललं जातं आणि आस्वाद, प्रकाशसारखी आपल्या जेवणाची ठिकाणं हाकेच्या अंतरावर आहेत. मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वे तिथे मिळतात. एरवी मीही दादरच सांगितलं असतं. पण हिंदमाता आणि परळचा तो सखल भाग पावसात भरतो, आणि तुमचं महत्त्वाचं काम पाण्याच्या पलीकडे आहे. आता त्याला एक उतारा आहे. 9 ऑक्टोबर 2025 पासून भुयारी मेट्रो 3 आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. दादरहून ती थेट हुतात्मा चौक आणि सीएसएमटीला नेते. तिकीट अंतराप्रमाणे 10 ते 70 रुपये. लोकलच्या मानानं महाग, पण मुलाखतीच्या सकाळी कोरडे कपडे आणि शांत डोकं यांसाठी तेवढे पैसे मी खुशाल घालीन. दादरला राहावं लागलं तर त्या दिवशी मेट्रोनंच जा.

आता पैशांचं बघू. पाच रात्रींऐवजी चार रात्री राहा. गुहागरहून मुंबईला रात्रीची एसटी मिळते आणि 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे. रविवारी रात्री बसलात की सोमवारी सकाळी मुंबईत. शुक्रवारी रात्री परतीची बस. सोमवार ते शुक्रवार पाचही दिवस हातात राहतात आणि खाट चारच रात्रींची लागते. एसटीचे जाऊन-येऊन माणशी सहाशे धरा. खाटेचे रात्री आठशेप्रमाणे बत्तीसशे, जेवणाखाण्याचे दिवसाला अडीचशेप्रमाणे साडेबाराशे, शहरातल्या फिरण्याचे तीनशे. झाले पाच हजार तीनशे पन्नास. उरलेल्या साडेसहाशेंना हात लावायचा नाही. ते कशासाठी, ते पुढे सांगतो. पाचवी रात्र धरलीत तर एकूण खर्च सहा हजार ओलांडतो.

रेल्वेनं जायचं मनात असेल तर एक अडचण आहे. चिपळूणला कोकणकन्या आणि तुतारी मध्यरात्रीच्या सुमाराला येतात. गुहागरहून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर येऊन फलाटावर तीन-चार तास काढावे लागतील. मांडवी दिवसाची, पण ती मुंबईत पोचते तेव्हा रात्र झालेली असते आणि अनोळखी शहरात पहिल्यांदा रात्री उतरू नये असं माझं मत आहे. शिवाय पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि आपल्या मार्गावर फार थांबता येत नाही. तुमच्यासाठी एसटीच सोयीची. रस्ता खराब आहे, झोप तुटेल, म्हणून तर सोमवारी कोणतंही काम ठेवू नका.

भाड्याचा आकडा मी आठशे धरलाय. आजच्या घडीला मुंबईत बऱ्या डॉर्मिटरीतली खाट साधारण पाचशेपासून हजार-बाराशेपर्यंत जाते. पाचशेच्या खाली गेलात की काहीतरी सोडावं लागतं. बहुधा खिडकी नसते, नाहीतर वीस माणसांत एकच संडास असतो. तुम्ही चौघी आहात ही तुमची जमेची बाजू आहे. चार सुट्या खाटांचं भाडं आणि चार खाटांच्या एका पूर्ण खोलीचं भाडं शेजारी मांडून बघा. पुष्कळदा फरक शंभर-दोनशेचा निघतो, कधी खोलीच स्वस्त पडते. खोली घेतली की दाराला आतून कडी लावता येते, दिवा कधी घालवायचा ते तुम्ही ठरवता आणि मुलाखतीच्या पहाटे पाचला गजर लावला तर कुणी कुरकुरत नाही. मी मुलींना नेतो तेव्हा आधी हाच पर्याय विचारतो. तो नसेल तर फक्त महिलांची डॉर्मिटरी. स्त्री-पुरुष एकत्र असलेली डॉर्मिटरी वाईटच असते असं नाही, पण पहिल्या खेपेला आणि घरचे काळजीत असताना ती नको.

ऑनलाइन दिसणारा आकडा शेवटचा नसतो. 22 सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवर जीएसटी 5 टक्के झालाय. तो धरून आकडा आहे की वेगळा लागणार ते बघा. चादर, टॉवेल आणि लॉकरचे पैसे वेगळे घेणाऱ्या जागा आहेत. आणि रद्द करण्याची मुदत नीट वाचा. जुलैत बुकिंग करताना 'आदल्या दिवसापर्यंत पूर्ण पैसे परत' असं असेल तर त्यासाठी पन्नास रुपये जास्त गेले तरी चालतील.

जुन्या संस्थांची नावंही माहीत असू द्या. कुलाब्यात साल्व्हेशन आर्मीचं रेड शील्ड हाउस आहे, तिथे वर्षानुवर्षं प्रवासी खाट घेऊन राहतात. मादाम कामा रोडवर वायडब्ल्यूसीए आहे. ते बजेटच्या वर जाईल, पण घरच्यांच्या मनाची शांती हवी असेल तर दोन रात्रींपुरता विचार करा. मुंबई सेंट्रल स्टेशनात नोव्हेंबर 2021 मध्ये पॉड हॉटेल सुरू झालं. लाकडी कप्प्यासारखी एका माणसाची जागा असते आणि बारा तासांच्या हिशेबानं मिळते. एका रात्रीला ठीक, चार रात्रींना माणूस कंटाळतो. रेल्वेचं तिकीट असेल तर पीएनआरवर स्टेशनातली विश्रामगृहं आणि डॉर्मिटरी आयआरसीटीसीवरून मिळतात. स्वस्त आणि सुरक्षित, पण तुम्ही एसटीनं येणार, म्हणून तो रस्ता बंद.

आता जागा कशी पारखायची. मालकानं टाकलेले फोटो बघू नका, राहून गेलेल्यांनी टाकलेले बघा. त्यातही गेल्या पावसाळ्यातले शोधा. मे महिन्यात कोरडी ठणठणीत दिसणारी भिंत जुलैत हिरवी होते. संडास-न्हाणीचा फोटो कुणीच टाकला नसेल तर मी ती जागा सोडून देतो. मग नकाशा. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' याला अर्थ नाही. कोणत्या स्टेशनापासून, आणि पूर्वेला की पश्चिमेला? रूळ ओलांडायला पूल चढायचा असेल तर बॅग आणि छत्री घेऊन ती पाच मिनिटं वीस होतात.

आणि फोन करा. हे मी कळकळीनं सांगतो, कारण न करण्याची किंमत मोजली आहे. 2016 साली आठ मुलांसाठी एका स्टेशनाजवळच्या डॉर्मिटरीत मी ऑनलाइन आठ खाटा घेतल्या. फोटो छान होते. रात्री पोचलो तर आम्हाला पोटमाळ्यावर पाठवलं. वर पत्रा, मध्ये एक पंखा, तोही एका खाटेवर वारा टाकणारा. पैसे भरून झाले होते आणि आठ जणांना घेऊन दुसरीकडे जायला रात्र फार झाली होती. मुलं उघड्यानं बसून राहिली, ओला टॉवेल पाळीपाळीनं अंगावरून फिरवत. सकाळी नऊला परीक्षा होती. त्यातल्या एकाचे डोळे पेपरभर मिटत होते, हे त्यानं मला परतताना गाडीत सांगितलं. तेव्हापासून पैसे भरण्याआधी मी फोन करतोच.

फोनवर असं विचारायचं: आमच्या खाटा कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का, त्या खोलीत खाटा किती आणि पंखे किती? प्रत्येक खाटेजवळ प्लग आहे का? न्हाणीघर खोलीत आहे की बाहेरच्या वाटेवर, आणि ती वाट पुरुषांच्या खोल्यांसमोरून जाते का? रात्री दाराशी कोण असतं? दार किती वाजता बंद होतं? पहाटे सहाला आलो तर सामान ठेवून आंघोळ करू द्याल का? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. खोलीचा ताबा बहुतेक ठिकाणी अकरा-बारानंतरच मिळतो आणि तुमची बस तर उजाडताना पोचणार. उत्तर देणारा माणूस वैतागला, 'या ना मॅडम, सगळं होईल' एवढंच म्हणत राहिला, तर ती जागा नको. नीट उत्तर देणारा माणूस रात्री दोनलाही नीट वागतो, हा माझा अनुभव.

ओळखपत्र प्रत्येकीचं मूळ हवं. आधारची प्रत द्यायची तर मास्क्ड आधारची द्या, ज्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. प्रतीवर जागेचं नाव आणि तारीख पेनानं लिहा. काही जागा मुंबईचाच पत्ता असलेल्यांना ठेवत नाहीत, पण तुमचे पत्ते गुहागरचे, म्हणून अडचण नाही. एकीच्या आधारवर अजून मुंबईतल्या भावाचा पत्ता असेल तर मात्र आधी विचारून घ्या.

खाट निवडायला मिळाली तर पंख्याखालची खालची खाट मुलाखतवालीला द्या. दाराजवळची कुणीच घेऊ नका, रात्रभर दार वाजतं. एसीची डॉर्मिटरी असेल तर दमट हवेतून आत गेल्यावर पहिला तास बरा वाटतो आणि रात्री दोनला घसा धरतो. घरची जुनी सुती चादर आणि एक ओढणी जवळ ठेवा. दमट हवा आपल्याला नवी नाही, पण आपल्याकडे पडवी असते, माडांतून वारा येतो. तिथे आठ जणींचे ओले कपडे एका बंद खोलीत सुकत असतात. सुती कपडे चार दिवसांत सुकणारच नाहीत. लवकर सुकणारे दोन जोड, नायलॉनची दोरी आणि चार चिमटे घ्या. मुलाखतीचा जोड इस्त्री करून प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, एकात एक, बॅगेच्या मधोमध ठेवा आणि बुधवारपर्यंत ती पिशवी उघडू नका. कागदपत्रांचंही तसंच. त्यांचे फोटो काढून स्वतःला मेल करून ठेवा.

कुलूप घरून न्या, बारीक दांडीचं. लॉकरच्या कडीचं भोक लहान असतं, घराच्या दाराचं कुलूप त्यात जात नाही. पैसे आणि फोन रात्री उशाखाली नको, उशीच्या खोळीत घाला.

दोन शब्द वासाबद्दल. मावशीसाठी सोडे, सुकट, बोंबील न्यायचा मोह होईल, आई बांधून देईलच. बंद डॉर्मिटरीत तो वास गुरुवारपर्यंत सगळ्यांच्या अंगाला लागेल, मुलाखतीच्या कपड्यांनासुद्धा. न्यायचंच असेल तर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, वर दोन पिशव्या. नाहीतर आगळाची बाटली न्या, मावशी तेवढीच खूश होईल. स्वतःसाठी तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट पुरे. चिवडा जुलैत दुसऱ्या दिवशी मऊ पडतो.

जेवणाचे दिवसाला अडीचशे धरलेत त्यात नीट भागतं. सकाळी उडपी हॉटेलात इडली-चहा, दुपारी फोर्टातल्या कचेऱ्यांच्या मागच्या गल्ल्यांत राइस प्लेट, संध्याकाळी वडापाव किंवा डोसा. कापलेली फळं आणि बर्फाचं सरबत पावसाळ्यात टाळा. मुलाखतीआधी पोट बिघडवून घेतलेली दोन मुलं मी पाहिली आहेत. बाटली घरून न्या आणि जागेवर फिल्टर आहे का ते विचारा.

जेवणावरून आठवलं. तुमच्या घरच्यांना डॉर्मिटरी हा शब्द परका वाटतो, पण मुंबईत खाटेच्या हिशेबानं राहण्याची चाल आपल्याच माणसांनी रुळवली. माझे वडील गिरणीत होते. डिलाइल रोडला आमच्या गावची खोली होती आणि आठ-नऊ वर्षांचा असताना मी तिथे चार दिवस राहिलोय. एकच खोली, तीसेक माणसं. भिंतीला खुंट्यांची रांग, प्रत्येकाची एक खुंटी, तिच्याखाली ट्रंक, ट्रंकेवर वळकटी. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की रात्रपाळीवरून आलेला त्याच जागेवर आडवा व्हायचा. जेवण खाणावळीत. घरात वीस-वीस माणसांचं रांधणाऱ्या त्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्या खोलीचे नियम कुठे लिहिलेले नव्हते. दुसऱ्याच्या ट्रंकेला हात लावायचा नाही, कुणी झोपलेला असेल तर बोलायचं ते बाहेरच्या गॅलरीत, गावाहून आलेला खाऊ एकट्यानं खायचा नाही. तुमच्या आजोबांच्या पिढीतलं कुणीतरी अशा खोलीत नक्की राहिलेलं असेल. घरी विचारा, काळजी थोडी कमी होईल.

सोमवारी पोचल्यावर सामान ठेवा, आंघोळ करा आणि मुलाखतीच्या इमारतीपर्यंत एकदा चालत जाऊन या. दार कोणतं, सुरक्षारक्षक कुठे नाव लिहून घेतो, छत्री कुठे ठेवायची, सगळं बघून या. फोर्टात एकसारख्या दिसणाऱ्या दगडी इमारती आहेत आणि नकाशा कधीकधी मागच्या दारावर नेतो. घड्याळ लावून चाला. दुपारी झोपा.

कलिनाचं काम मंगळवारी. चर्चगेटहून सांताक्रूझपर्यंत लोकल दहा-पंधरा रुपयांत नेते, पूर्वेला उतरून पुढे बस किंवा रिक्षा. मुंबई शहरात रिक्षा नसते, ती बांद्रा-सायनच्या पलीकडे सुरू होते. हे माहीत नसलं की सीएसएमटीबाहेर उभं राहून माणूस रिक्षा शोधत बसतो. 1 फेब्रुवारी 2025 पासून पहिल्या दीड किलोमीटरला रिक्षाचे 26 आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे 31 रुपये. चौघी मिळून जवळच्या अंतराला टॅक्सी बसपेक्षा फार महाग पडत नाही, कारण बेस्टचं किमान तिकीटच 9 मे 2025 पासून 10 रुपये झालंय, एसी बसचं 12. परतताना दुपारी चारच्या आत निघा. वाटेत कुणालाही मरीन ड्राइव्हवर भिजायची लहर आली तरी मुलाखतवालीनं भिजायचं नाही.

बाकीच्या दोघींसाठी: घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात आणि वादळी हवेत लाँचही थांबवतात. राणीची बाग बुधवारी बंद. गेटवे, म्युझियम, काळा घोडा, मरीन ड्राइव्ह हे सगळं तुमच्या पट्ट्यात चालत होतं, त्याला पैसे लागत नाहीत, म्युझियमचं तिकीट सोडलं तर.

मुलींच्या सुरक्षेबद्दल घरचे विचारतील. दोन नंबर चौघींच्याही फोनमध्ये हवेत, 112 आणि रेल्वेचा 139. लोकलमध्ये महिलांचा डबा कुठे येतो ते फलाटावरच्या पाटीवर दिसतं. रात्रीच्या गाड्यांत महिलांच्या ठरावीक डब्यांत पोलीस असतो, त्याच डब्यात चढा. गुरुवारी मावशीकडून निघायला नऊच्या पुढे करू नका, उशीर झालाच तर तिच्याकडेच राहा आणि डॉर्मिटरीला फोन करून कळवा. एकीच्या फोनचं लोकेशन रोज संध्याकाळी घरी पाठवायचं एवढं ठरवून टाका. त्यानं आई निवांत झोपते.

आता ते साडेसहाशे रुपये. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं. वाशिष्ठीचं पाणी इतकं चढलं की कोकण रेल्वे थांबली, महामार्गही. माझ्याकडची दोन मुलं तेव्हा मुंबईत होती, त्याच रात्री परत निघायची होती. गाडी नाही, घरच्यांचे फोन लागत नाहीत, आणि खिशात परतीच्या जेवणापुरते पैसे. शेवटी माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी त्यांना तीन रात्री ठेवून घेतलं. प्रत्येक वेळी असा माणूस मिळेल असं नाही. म्हणून पावसाळ्यात अडलेल्या रात्रीसाठी थोडे पैसे वेगळ्या पाकिटात हवेत, आणि बुकिंग करतानाच विचारून ठेवा की गरज पडली तर शुक्रवारची रात्र वाढवून मिळेल का. परशुराम घाटात दरड आली, बस रद्द झाली, तर फलाटावर किंवा डेपोत रात्र काढायची नाही. गुरुवारी रात्रीच हवामान खात्याचा इशारा बघा. लाल असेल तर शुक्रवारी सकाळचीच बस धरा.

शुक्रवारी खोली दहाला सोडावी लागेल आणि बस रात्रीची. सामान दिवसभर ठेवून घेतात, बहुतेक ठिकाणी फुकट. निघण्यापूर्वी तोंड-हातपाय धुवायला आत येऊ द्याल का हेही सकाळीच विचारून ठेवा. बसमध्ये ओल्या कपड्यांनी आठ तास बसू नका. एक कोरडा जोड अगदी शेवटपर्यंत राखून ठेवा.

दोन-तीन जागा निवडून झाल्या की त्यांची नावं मला पाठव. आमच्याकडची मुलं राहून आली असतील तर खाट कशी होती ते विचारून सांगतो.